नवे पुढे, जुने मागे

टायरच्या दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणायचे, आणि त्यात आदर कमी, वैताग जास्त होता. गिऱ्हाईक घाईत असतं, त्याला टायर बदलून घरी जायचं असतं, आणि हा माणूस हातात पाना घेऊन त्याला उभ्या उभ्या धडा देतो. धडा एकच. चारही टायर बदलणार असाल तर प्रश्नच मिटला. दोनच बदलणार असाल तर नवे मागे बसवायचे आणि मागचे जुने पुढे आणायचे. गाडी कुठलीही असो, इंजिन कुठेही असो. शंभरातले नव्वद जण म्हणायचे, मास्तर, काहीतरी गडबड होतेय तुमची, स्टिअरिंग पुढे असतं. मग मास्तर पाना खाली ठेवायचा, पँटला हात पुसायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा.

"ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते. हाताला लगेच कळतं, स्टिअरिंग हलकं लागतं. पाय उचलला, वेग उतरला, की ती परत रस्ता धरतात. मागची घसरली तर हाताला काही म्हणजे काही कळत नाही. कळतं तेव्हा गाडी आडवी झालेली असते, आणि मग तुम्ही फक्त बघायचं."

आतून मालक ओरडायचा, "मास्तर, शाळा सुटली का?"

मालक वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला गिऱ्हाईक नाराज झालेलं चालायचं नाही. सहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ ठोकलेली गाडी ओढून आणून दुकानासमोर उभी करून गेले होते. नवे टायर पुढे बसवा म्हणून हट्ट त्यांचाच, आणि बोंबही त्यांचीच. तेव्हापासून मालकाने एक पद्धत घालून दिली. ज्याला मास्तरचं ऐकायचं नसेल त्याने कामाच्या कार्डामागे लिहून द्यायचं, की नवे टायर माझ्या सांगण्यावरून पुढे बसवले, आणि खाली सही करायची. सही करताना बरेच जण अडखळायचे. काही जण पेन खाली ठेवून म्हणायचे, बरं, घाला मागे. सहा वर्षांत नवे पुढे बसवलेली एकही गाडी मास्तरने सहीशिवाय सोडली नव्हती. एकदा तर पोलिसाच्या गाडीसाठीही त्याने सही मागितली होती, आणि मिळवलीही होती.

घरी मात्र त्याचं कोणी ऐकायचं नाही. घर म्हणजे एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ यायची आणि भिंती कोमट राहायच्या. तिथे तो, त्याची बायको आणि गेली अकरा वर्षं त्याची आई. वडील गेले त्याच महिन्यात आई इकडे आली, कारण दादाच्या घरी तेव्हा रंगकाम चाललं होतं. रंगकाम अकरा वर्षं चाललं असं मास्तरची बायको म्हणायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण सासूची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा दर चार तासांनी उठून थेंब तिनेच घातले होते. दादा तेव्हा फोन करायचा. फोन आला की आई खुर्चीतून उठायची आणि उभी राहून बोलायची. डोळ्यावर पट्टी असतानासुद्धा भिंत चाचपत उभी राहायची. धाकट्याशी ती आयुष्यात कधी उभी राहून बोलली नव्हती, आणि धाकट्याला हे दिसत होतं.

आता दादा तिला न्यायला येणार होता. वहिनीला पूर्ण दिवसाची नोकरी लागली होती, घरात दोन शाळकरी मुलं, आणि "घरात कोणीतरी मोठं माणूस हवं," असं दादा म्हणाला. आईला कारण कळत नव्हतं असं नाही. पण बोलावणं आलं होतं, आणि ते थोरल्याकडून आलं होतं. तिने चार दिवस आधीच सामान भरलं.

"अकरा वर्षं ती बॅग कॉटखाली धूळ खात होती," बायको भांडी पुसता पुसता म्हणाली. "काल बघते तर धुऊन खिडकीत वाळत घातलेली. जाताना आपल्याला विसरल्या नाहीत म्हणजे मिळवली."

"गप्प बस," मास्तर म्हणाला. आई बाहेरच्या खोलीत होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं.

दादा सकाळी दहाला आला. मास्तरला खोड अशी, की माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याची नजर गाडीच्या टायरांकडे जायची. जिना उतरून तो खाली गेला तो थेट पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. टायरचा पार गोटा झाला होता. बाहेरच्या कडेला तर नक्षीची खूणही उरली नव्हती, हात फिरवला तर पाटीवर फिरवल्यासारखा फिरत होता. मागच्यांवर तीनेक मिलिमीटर खाच शिल्लक होती.

"दादा, याच्यावर तू घाट उतरून आलास?"

"आलो की. समोर उभा आहे ना तुझ्या?"

"आईला घेऊन असा जाऊ नकोस. दोन दिवस पाऊस आहे. चल दुकानात, चारही बदलू."

"दोन बदलू," दादा म्हणाला. "मागचे चांगले आहेत अजून. उगाच काय!"

चार तासांचा रस्ता, मध्ये घाट. दुकान वाटेवरच होतं, म्हणून सामान गाडीत टाकून तिघंही तिकडेच निघाले. बायको जिन्यात उभी राहून निरोप देत होती. आईने तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मुली, गॅस बंद करत जा." अकरा वर्षांचा हिशेब तेवढ्यात आटोपला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

दुकानात पोचल्यावर टायर निवडण्यावरून पहिली चकमक उडाली. दादाने खालच्या फळीवरचा एक टायर पसंत केला. जाडजूड दिसत होता, कडेला मोठाली अक्षरं होती. मास्तरने तो फिरवून कडेवरचा चार आकड्यांचा ठसा दाखवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर चार वर्षांपूर्वीचा होता.

"पडून पडून रबर कडक होतं. हा नको. वरून ताजा काढून देतो."

"टायर म्हणजे काय भाजी आहे, ताजी बघून घ्यायला?" दादा म्हणाला, आणि आई खळखळून हसली. प्लास्टिकच्या खुर्चीवर, हवा भरायच्या यंत्राशेजारी, पिशवी मांडीवर घेऊन ती बसली होती. अकरा वर्षांत आईला इतकं मोकळं हसताना मास्तरने क्वचितच पाहिलं होतं. त्याने शिडी लावली, वर चढून तीन महिन्यांपूर्वीचे दोन टायर काढले आणि खाली आणले. दादाने खांदे उडवले. एवढं मात्र मास्तरच्या मनासारखं झालं.

मग मालकाने दादाला चहाला आत बोलावलं. मास्तरचा मोठा भाऊ म्हणजे पाहुणाच की. दादा आत गेला आणि मास्तर गाडीसमोर एकटा राहिला. गाडी लिफ्टवर चढवून त्याने चारही चाकं काढली, नेहमीच्या सवयीने खडूने प्रत्येकावर खूण केली. विचारायला हवं होतं, हे त्याला ठाऊक होतं. पण विचारलं की दादा काय म्हणणार, हेही त्याला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गिऱ्हाइकाला न विचारता काम केलं. पुढचे दोन गोटे कोपऱ्यात फेकले, मागचे जुने पुढे बसवले आणि नवे मागे. मागच्या सीटवर आई बसणार होती. कोणाला कळणार होतं? गाडी खाली उतरवताना त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं.

पण नवा टायर लपत नाही. त्याच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघाल्याची खूण. मध्ये एक निळी रेघ असते. दादा चहाचा कप हातात घेऊन बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि थांबला.

"हे काय? नवे मागे?"

"मागेच बसवतात, दादा."

"कोण बसवतं?"

"मी बसवतो. सगळ्यांना तसेच बसवतो. ऐकून तर घे…"

"ऐकलंय मी तुझं पुराण. मालक आत्ता आत तेच सांगत होते मला, हसत होते." दादाने कप टपावर ठेवला. "हे बघ, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे, आणि मीसुद्धा पुढे. मग नवे टायर मागे कशाला?"

"आणि आई कुठे बसणार?"

"आई मागे."

मास्तरने तेवढ्यावरच थांबायला हवं होतं. दादाचं उत्तर दादालाच ऐकू आलं असतं कदाचित. पण मास्तरचा स्वभाव तसा नव्हता. त्याने पहिल्यापासून धडा सुरू केला, ओला रस्ता, हलकं स्टिअरिंग, आडवी होणारी गाडी. आणि मग दादाने जे बोलायला नको होतं ते बोलून टाकलं.

"बाबांनी बत्तीस वर्षं ट्रक चालवला. नवा टायर आला की पहिला पुढे. मी स्वतः बघितलंय, त्यांच्या शेजारी बसून. त्यांना कळत नव्हतं आणि तुला कळतं?"

आईने मान वर केली. "हो रे, ते पुढेच घालायचे. म्हणायचे, पुढचा फुटला तर सगळं संपलं."

आता हे खरं होतं, आणि खरं होतं तेच अवघड होतं. ट्रकला मागे जोडीजोडीने चाकं असतात आणि वर टनावारी माल. त्याची मागची बाजू सहजी हलत नाही, पुढचा एक टायर फुटला तर मात्र ट्रक हातातून जातो. बाबांचं बरोबर होतं, ट्रकसाठी. ही रिकाम्या पाठीची छोटी गाडी. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण बाबांचं नाव निघालं की त्या घरात पुढे कोणी बोलत नसे, आणि तो मान घरच्यांनी दुकानापर्यंत बरोबर आणला होता. शिवाय दादा बाबांच्या शेजारी केबिनमध्ये बसायचा, हेही खरं होतं. धाकटा मागे पोत्यांवर असायचा. रस्ता त्याच्या पायाखालून उलटा पळायचा. माल उतरवून रिकामा ट्रक वळणावरून परत जाताना मागचा भाग कसा अंग झटकतो, हे तिथे बसून त्याला पोटात कळलं होतं. केबिनमध्ये ते कधीच कळत नाही. मास्तरची सगळी विद्या खरंतर तिथली होती. पण पोत्यांवर बसून शिकलेलं कोणाला सांगायचं?

"आई, तो ट्रक होता," एवढंच तो म्हणाला.

"असू दे. वाद नको घालूस. थोरला आहे तो, चालवायचंय त्याला. त्याच्या मनासारखं करून दे."

"आई, तुझ्यासाठीच म्हणतोय मी."

"मग माझ्यासाठीच कर ना," आई म्हणाली.

मालकही दारात येऊन उभा राहिला होता. "मास्तर, बदला आता. पुढच्या गाड्या खोळंबल्यात."

मास्तरने गाडी पुन्हा लिफ्टवर घेतली. त्याआधी मात्र, सवयीने, त्याने टेबलावरचं कार्ड उचललं, उलटं केलं आणि पेनासकट दादापुढे धरलं.

"हे काय आता?"

"लिहून दे. माझ्या सांगण्यावरून पुढे बसवले म्हणून. सगळ्यांकडून घेतो."

दादाच्या आधी आईच बोलली. "भावाकडून सही घेतोस? कोर्टात जायचंय का तुला?"

मालक हसला, दादा हसला, शेजारच्या गाडीचा मालक, ज्याला काहीच ठाऊक नव्हतं, तोही हसला. मास्तरचे कान तापले. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याने कोरं कार्ड परत टेबलावर टाकलं. आई म्हणाली तेही बरोबरच होतं म्हणा. सख्ख्या भावाकडून सही कशी घ्यायची?

त्याने चाकं बदलली. नवे पुढे, जुने मागे. रागात होता, पण काम चोख केलं. नट आधी हाताने फिरवले, मग मापाच्या पान्याने आवळले. हा पाना ठरलेल्या ताकदीला टक् असा आवाज करतो. वीस नट, वीस वेळा टक्. मग पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा वीस. हवेचा दाब बघितला. दुसऱ्या कोणी त्या दिवशी त्या गाडीसाठी एवढं केलं नसतं. आणि गाडी खाली येत असताना, लिफ्टची कळ दाबून धरलेली असताना, त्याच्या तोंडून एक शब्द गेला.

"कळेल."

मोठ्याने नव्हे. लिफ्टच्या आवाजात तो कोणाला ऐकू गेला असेल असं त्याला वाटलं नाही.

आई मागच्या सीटवर बसली. काच खाली करून तिने त्याचा काळा झालेला हात बघितला. "हात धू रे आधी," ती म्हणाली, आणि गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी वळताना मागची चाकं त्याला नीट दिसली. त्याने ती नजरेआड होईपर्यंत बघितली. आईकडे बघायचं राहून गेलं.

अकराच्या सुमाराला भुरभुर सुरू झाली. बारा वाजता दुकानासमोरचा रस्ता चकचकीत काळा झाला होता. मास्तर काम करत होता, पण दर थोड्या वेळाने दारात येऊन रस्त्याकडे बघत होता. आता पायथ्याला पोचले असतील. आता पहिलं वळण. वर धुकं असेल तर दादा दिवे लावेल, पण वेग कमी करणार नाही, त्याची सवय ठाऊक आहे. तीन वाजता पोचायला हवे होते. चार वाजले. पाच. त्याने दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा वाजून वाजून बंद झाला. तो पुन्हा दारात जाऊन उभा राहिला. ही भीती होती, आईची काळजी होती, असंच त्याला वाटत होतं, आणि तशी ती होतीही.

साडेसहाला दादाचा फोन आला.

"पोचलो रे. एकदम झकास. वाटेत जरा थांबलो होतो. तुझं ते मागचं शास्त्र आता गुंडाळून ठेव."

"काही झालं नाही?"

"काय व्हायचंय? काही झालं नाही. आई झोपलीय, दमलीय. ठेवतो."

मास्तर फोन हातात धरून उभा राहिला. आणि त्या क्षणी त्याला जे वाटलं ते बरं वाटणं नव्हतं. आधी वाटली ती निराशा. अगदी स्वच्छ, ओळखता येईल अशी निराशा, एखादी खात्रीची गोष्ट हातातून निसटावी तशी. बरं वाटलं ते नंतर, दोन श्वासांनी. पण आधी काय आलं होतं, ते त्याने बघितलं होतं. दिवसभर दारात उभं राहून आपण कशाची वाट बघत होतो? आई मागच्या सीटवर बसलेली असताना आपल्याला काय व्हायला हवं होतं? थोडंसं, असं त्याने स्वतःला सांगून बघितलं. नुसतं जरा घसरायला हवं होतं, दादाच्या पोटात खड्डा पडेल एवढंच. पण घाटातलं घसरणं थोडं-जास्त मोजून होत नाही, हे मास्तरइतकं कोणाला ठाऊक होतं! त्याला स्वतःची किळस आली.

घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "पोचल्या का?"

"पोचली."

"मग तोंड का असं?"

तो जेवला नाही. अंग दुखतंय म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आईचा फोन आला. आई आपण होऊन कधी फोन करायची नाही. तो हातातलं काम टाकून मागच्या बाजूला, जुन्या टायरांच्या ढिगापाशी गेला. आई हळू बोलत होती.

"कोणी नाहीये घरात म्हणून केला. दादाला सांगू नकोस हं मी फोन केला ते."

"काय झालं आई?"

"काही नाही रे. हात प्लास्टरमध्ये आहे माझा, डावा. दुखत नाही आता फारसा."

मग तिने सांगितलं. घाट चढून गाडी पलीकडे उतरायला लागली होती. एक लांब वळण होतं, रस्त्यावरून पाणी वाहत होतं. दादाने वळणात ब्रेकवर पाय दिला आणि गाडी मागून कोणीतरी ढकलल्यासारखी फिरली. गोल फिरली, आई म्हणाली, ज्या बाजूने आलो तिकडे तोंड करून उभी राहिली. मागचं दार कठड्यावर आपटलं. तिच्याच बाजूचं. कठडा होता म्हणून बरं. दवाखान्यात तीन तास गेले.

मास्तर टायरच्या ढिगावर टेकला. म्हणजे दादा खोटं बोलला होता. म्हणजे आपलं बरोबर होतं, शब्दाला शब्द बरोबर होतं. वीस वर्षं हा धडा देताना ज्याची वाट बघितली ती गोष्ट आता त्याच्या हातात होती, आणि आईचा मोडलेला हात तिच्याबरोबरच आला होता. त्याला रडू आलं.

"आई, फार लागलं का गं? मी येऊ का? उद्याच येतो, परत घेऊन येतो तुला."

"नको नको. इथे मुलांचं कोण बघणार? आणि आत्ता तू नकोच येऊस. दादा रागात आहे."

"तो कशाला रागात?"

"तो म्हणतो, बसवण्यातच काहीतरी केलं असेल त्याने. टायर नवे, गाडी चांगली, मग फिरली कशी? म्हणतो, मी ऐकलं नाही ना, म्हणून मागच्या चाकाचं काहीतरी सैल ठेवलं."

"आई, मी नट दोनदा आवळले. प्रत्येक नट दोनदा. तू समोर बसली होतीस."

"मला काय कळतंय त्यातलं? मी बघत होते, तू रागात होतास एवढं दिसत होतं." पलीकडे कुठेतरी घड्याळाचे ठोके पडले, ती ते संपेपर्यंत थांबली. "मी भांडले हो त्याच्याशी. म्हटलं, धाकटा हट्टी आहे, पण असं काही करणार नाही. आईवर करेल का कोणी? पण रात्री पडल्या पडल्या मला आठवलं. गाडी खाली घेताना तू म्हणाला होतास. कळेल, म्हणाला होतास."

मास्तरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी जवळच होते रे. ऐकू आलं मला." आईचा आवाज अगदी बारीक झाला. "मुद्दाम नाही ना केलंस?"

एका शब्दाचं उत्तर होतं. नाही. त्याने खरोखरच काही केलं नव्हतं, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं, चाळीस वेळा टक् वाजलेल्या पान्याला ठाऊक होतं. दादाची सही असती तरी नट सैल नव्हते हे तिने सिद्ध झालं नसतं, आणि आईला कार्ड दाखवून काय सांगणार होता तो? नाही, एवढंच म्हणायचं होतं, आणि लगेच म्हणायचं होतं. पण तो शब्द तोंडाशी येता येता त्याला साडेसहाचा फोन आठवला. काही झालं नाही, असं दादा म्हणाला, तेव्हा आधी आलेली ती निराशा आठवली. हात स्वच्छ होते. बाकी सगळं तितकं स्वच्छ नव्हतं, आणि ज्या आईने त्याला जन्म दिला तिला तो एका शब्दात दोन गोष्टी कशा सांगणार होता? तो अडकला. फार वेळ नाही. तीन-चार श्वास.

पलीकडे आईने ते तीन-चार श्वास ऐकले.

"बरं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. लहानपणी त्याच्या हातून काही फुटलं की ती त्याच आवाजात बोलायची. "राहू दे. मी नाही सांगणार त्याला."

"आई, नाही. आई, ऐक, मी…"

फोन बंद झाला होता. त्याने परत लावला. वाजला, वाजला आणि थांबला. दुसऱ्यांदा लावला तर पहिल्या रिंगलाच कापला गेला. दादा घरी आला असेल.

"मास्तर!" मालकाने दुकानातून हाक मारली. "गिऱ्हाईक थांबलंय."

एक बाई गाडीची किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या. दोन टायर बदलायचे होते. मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेली एक लहान मुलगी बसली होती. "नवे पुढेच बसवा हं," बाई म्हणाल्या. मालकाने आतूनच मान वाकडी करून बघितलं, आता शाळा भरणार म्हणून. मास्तरने पँटला हात पुसले. त्याचं तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. त्याने टेबलावरून कार्ड उचललं, उलटं केलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"सही करा," तो म्हणाला.